दर शनिवारी जनरेटर चालवून पाहत असताना रुग्णालयाने वर्षातून एकदा मेन ब्रेकर पाडून चाचणी घेणे खरोखर गरजेचे आहे का?

आपण विश्वस्त असलेल्या शंभर खाटांच्या रुग्णालयात दर शनिवारी जनरेटर वीस मिनिटे चालवतात, यूपीएसचे (वीज जाताच बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणाऱ्या यंत्राचे) एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, आहे आणि गुरुवारी महावितरण देखभालीसाठी वीज बंद करते तेव्हा जनरेटर आपोआप सुरूही होतो, असे आपण लिहिले आहे. एवढे असताना मुद्दाम वीज तोडून अतिदक्षता विभागातील रुग्णांना धोक्यात का घालायचे, हा आपला प्रश्न आहे. मी बरीच वर्षे पुण्यात रुग्णालये आणि डेटा सेंटर यांच्या विद्युत देखभालीचे काम करतो. माझ्या मते ही चाचणी टाळणे हाच रुग्णांच्या दृष्टीने मोठा धोका आहे.

शनिवारच्या फेरीत यंत्र सुरू होते की नाही एवढेच कळते. त्या वेळी महावितरणचा पुरवठा चालूच असतो, जनरेटर बहुधा लोडविना, म्हणजे इमारतीचा वीजभार न घेता, फिरतो आणि इमारतीतील बाकी सगळे नेहमीप्रमाणे चालू राहते. वीज खरोखर जाते तेव्हा मात्र एएमएफ पॅनेलने (वीज जाताच जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या पॅनेलने) ते ओळखणे, जनरेटर सुरू होणे, ब्रेकर बदलणे, तोवर यूपीएसने लोड धरून ठेवणे, थांबलेले व्हॅक्यूम पंप आणि एअर कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होणे, एसीसाठी पाणी थंड करणारे चिलर ठरलेल्या अंतराने लोडवर येणे, या सगळ्या गोष्टी एकापाठोपाठ एक घडाव्या लागतात. प्रत्येक यंत्र सुटे तपासून ही साखळी तपासली जात नाही.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेला एक प्रसंग सांगतो. एका रुग्णालयात पहिल्या वार्षिक चाचणीच्या वेळी जनरेटरने आठ सेकंदांत लोड घेतला आणि सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. मी जनरेटर रूममध्ये डे टँकच्या, म्हणजे जनरेटरजवळच्या छोट्या डिझेल टाकीच्या, काचेच्या नळीकडे पाहत उभा होतो. सुमारे दीड तासाने डिझेल खालच्या खुणेपाशी आले. तिथे मुख्य टाकीतून डिझेल आणणारा ट्रान्सफर पंप आपोआप सुरू व्हायला हवा होता, पण झाला नाही. पंपाच्या स्टार्टरवर टेस्टर लावला, तर पुरवठाच नव्हता. वर्षभरापूर्वी रंगकाम आणि वायरिंगची कामे चालू असताना कोणीतरी त्या पंपाची केबल जवळच्या लायटिंग डीबीवर (दिव्यांच्या वितरण पेटीवर) जोडली होती, आणि तो डीबी फक्त महावितरणच्या पुरवठ्यावर होता. म्हणजे जनरेटरला डिझेल देणारा पंप नेमका जनरेटर चालू असतानाच बंद राहणार होता. साप्ताहिक फेऱ्यांत हे दिसणे शक्यच नव्हते, कारण तेव्हा मेन पुरवठा चालू असे. मधूनमधून वीज जात असे तेव्हाही दिसले नाही, कारण वीज तासाभरात परत येई आणि पंप टाकी पुन्हा भरत असे. वीज दिवसभर गेली असती, तर मात्र टाकी रिकामी होईपर्यंत कोणाच्याही लक्षात आले नसते.

अशी चूक गैरव्यवस्थापन असलेल्या रुग्णालयातच होते असे नाही. ऑक्टोबर २०१२मध्ये सँडी वादळाच्या वेळी न्यूयॉर्कमधील एनवाययू लँगोन रुग्णालयात तळघरातील इंधनव्यवस्थेत पाणी शिरल्यामुळे वरच्या मजल्यांवरील जनरेटर बंद पडले आणि तीनशेहून अधिक रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले. वीज दिवसभर जाणार नाही, असा भरवसा आपल्याकडेही धरता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि काही भागांत पुरवठा पूर्ववत व्हायला कित्येक तास लागले. ते दिवस कोविडचे होते.

लोडविना जनरेटर चालवण्यात आणखी एक तोटा आहे. डिझेल इंजिन सतत हलक्या लोडवर चालले, तर डिझेल पूर्ण जळत नाही आणि धुराड्यात काळा, ओलसर थर साचतो. म्हणूनच अमेरिकेच्या एनएफपीए ११० या मानकात दर महिन्याला किमान ३० टक्के लोडवर ३० मिनिटे चालवायला सांगितले आहे. ५०० केव्हीएच्या, म्हणजे ४०० किलोवॅटच्या जनरेटरसाठी हा लोड १२० किलोवॅट होतो. तेवढा लोड मिळत नसेल, तर वर्षातून एकदा लोड बँक, म्हणजे कृत्रिम वीजभार देणारे यंत्र, जोडून ५० टक्क्यांवर अर्धा तास आणि त्यापुढे ७५ टक्क्यांवर एक तास चालवावे लागते. लोड बँक भाड्याने मिळते.

यूपीएसच्या बॅटऱ्यांबाबत एएमसीच्या अहवालावर विसंबू नका. फ्लोटवर, म्हणजे सतत चार्जरला जोडून, असलेली १२ व्होल्टची खराब बॅटरीही मीटरवर साडेतेरा व्होल्ट दाखवू शकते. तिचा खरेपणा डिस्चार्ज करूनच कळतो. क्षमता ८० टक्क्यांखाली गेली की संच बदलावा. बॅटरी रूमचा एसी बंद ठेवून वीज वाचवू नये, कारण तापमान २५ अंशांपेक्षा दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते.

अग्निशमन यंत्रणेसाठी महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे 'फॉर्म बी' प्रमाणपत्र द्यावेच लागते. वीज तोडलेली असतानाच डिझेल फायर पंपही सुरू करून पाहावा, एवढेच मी सुचवीन.

गुरुवारच्या खंडिततेबद्दल आपले म्हणणे चुकीचे नाही. ती शनिवारच्या फेरीपेक्षा खरी परीक्षा आहे, पण त्या वेळी घड्याळ आणि वही घेऊन कोणी उभे नसते. कोणता ब्रेकर किती सेकंदांनी पडला, कोणती लिफ्ट अडकली, ऑपरेशन थिएटरमधला कोणता सॉकेट मेला, हे टिपलेच जात नाही.

आता रुग्णांच्या धोक्याबद्दल. ही चाचणी तंत्रज्ञाने एकट्याने ठरवू नये. तारीख पावसाळ्यापूर्वीची घ्यावी, वेळ रविवारी पहाटेची, आणि सुरू करायचे की नाही याचा शेवटचा शब्द अतिदक्षता विभागाच्या प्रमुख डॉक्टरांचा असावा. आदल्या दिवशी प्रत्येक व्हेंटिलेटरची आतली बॅटरी तपासावी. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णाजवळ एक परिचारिका आणि हाताशी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) असावी, लिफ्ट रिकाम्या करून तळमजल्यावर आणाव्यात आणि मेन ब्रेकरपाशी एक माणूस असा उभा असावा, जो वॉकीटॉकीवर एक शब्द ऐकताच पुरवठा परत देईल. पहिल्या वर्षी विभागवार चाचणी घ्या, सगळी इमारत पुढच्या वर्षी. नियोजित चाचणीत पंप किंवा ब्रेकर अडला, तर सावरायला माणसे जागेवर असतात. रात्री दोनला अडला, तर एकटा ऑपरेटर असतो.

मेन पुरवठा परत आल्यावरचा अर्धा तास सर्वांत दुर्लक्षित असतो. सगळे थकलेले असतात, चहा आलेला असतो, आणि तेव्हाच एएमएफ पॅनेलचा सिलेक्टर 'मॅन्युअल'वर किंवा यूपीएस बायपासवर (बॅटरीला वगळून थेट पुरवठ्यावर) राहून जातो. म्हणून प्रत्येक सिलेक्टर 'ऑटो'वर आहे, डे टँक भरली आहे आणि इंजिनच्या स्टार्टिंग बॅटरीचा चार्जर चालू आहे, हे दोन वेगवेगळ्या माणसांनी प्रत्यक्ष पाहून वहीत सही करावी. त्यांतला एक माणूस चाचणी करणाऱ्यांपैकी नसावा; आपण स्वतः त्या पहाटे हजर राहणार असाल, तर ती दुसरी सही आपण करावी.