नोकरी सोडून स्वतंत्र ड्राफ्टिंग करावे का? आधी उधारीचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घणसोलीला राहता, महाप्याच्या कंपनीत मेकॅनिकल ड्राफ्ट्समन म्हणून सहा वर्षे पूर्ण झाली आहेत, मूळ वेतन ३० हजार, हातात ५५ हजार येतात आणि घरखर्च ४५ हजार आहे. शनिवार-रविवारी बाहेरची ड्रॉइंग करून बऱ्यापैकी पैसे सुटू लागले आहेत, तर महिन्याला किती काम मिळाले म्हणजे नोकरी सोडावी, आणि वर्षभरात खारघरला घर घ्यायचे आहे त्याचे काय.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. पूर्वी रबाळ्याच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात नोकरीला होतो आणि आता वागळे इस्टेट व ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लहान कारखान्यांसाठी स्वतंत्रपणे शॉप ड्रॉइंग (ज्यावरून कारखान्यात माल बनतो ती ड्रॉइंग) करतो, त्यामुळे हे उत्तर मुख्यतः याच धंद्याला लागू आहे असे समजावे.

महिन्याला किती काम मिळते यावरून हा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काम मिळते, या पट्ट्यात शीट मेटल, पॅनेल, कन्व्हेयर आणि फॅब्रिकेशनची इतकी युनिट आहेत की स्वच्छ काम करणाऱ्या ड्राफ्ट्समनला रिकामे बसावे लागत नाही. पाहायचे असते ते हे की, काम केल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंतचा काळ तुम्ही स्वतःच्या पैशावर काढू शकता का. नोकरदार माणूसही कंपनीला उधार देतोच, पण ते फार तर एका महिन्याच्या श्रमाचे. फ्रीलान्सर मात्र एकाच वेळी चार-पाच कारखान्यांना बिनव्याजी उधार देऊन बसलेला असतो आणि त्या उधारीला तो ‘येणे’ असे म्हणून मनाचे समाधान करून घेतो.

आकड्यांत सांगतो. समजा, तुम्ही महिन्याला ९० हजारांचे काम केले, महिनाअखेरीस बिल दिले आणि गिऱ्हाइकाने ते ६० दिवसांनी चुकते केले. पहिल्या महिन्याचे पैसे तिसऱ्या महिन्याच्या शेवटी येतील, आणि ते येण्याच्या आदल्या दिवशी तुमचे २ लाख ७० हजार रुपये बाजारात अडकलेले असतील. तोपर्यंत घरखर्चापोटी १ लाख ३५ हजार तुमच्या बचतीतून गेलेले असतील. पहिले पैसे आले म्हणजे गाडी रुळावर आली असे वाटते, परंतु मागच्या दोन महिन्यांची १ लाख ८० हजारांची बिले तेव्हाही बाहेरच असतात आणि धंदा चालू असेपर्यंत तेवढी रक्कम कायम बाहेरच राहते. काम वाढले की ती वाढते, म्हणून धंदा जोरात असतानाच हातात पैसा नसण्याचा अनुभव येतो. या कारणासाठी मी सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे तुमच्या बाबतीत २ लाख ७० हजार, बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नका असे सांगेन. सहा वर्षांच्या सेवेची ग्रॅच्युइटी तुमच्या मूळ वेतनावर सुमारे १ लाख ४ हजार होईल, ती यात धरायला हरकत नाही. पीएफ मात्र यात धरू नये.

पैसे कसे अडकतात हे एकदा जवळून पाहा. पॅनेलच्या दरवाजाचे ड्रॉइंग तुम्ही देता. दोन दिवसांनी मालकाचा फोन येतो, ‘बिजागरी बदललीये, तेवढं जरा करून द्या ना.’ बिजागरी बदलली की भोकांची जागा बदलते, भोके सरकली की गॅस्केटची पट्टी अडते, पट्टी हलवली की दरवाजाचा बेंड बदलतो आणि ‘तेवढं जरा’ म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम होते. असे करत शीटवर रिव्हिजन पाच, म्हणजे ड्रॉइंगची पाचवी सुधारणा, येते, माल तयार होऊन पाठवलाही जातो, मग तुम्ही बिल घेऊन अकाउंट्समध्ये जाता आणि तिथे उत्तर मिळते, ‘अहो, यावर पीओ (लेखी ऑर्डर) नंबरच नाहीये, आणि साहेबांची सही पण राहिलीये. पुढच्या शुक्रवारी बघू.’ यात कोणी फसवत नसते. लहान कारखान्याला त्याच्या गिऱ्हाइकाकडून पैसे आलेले नसतात आणि सर्वांत कमी ओरडणाऱ्याचे बिल सर्वांत खाली जाते.

यावर उपाय साधे आहेत, पण ते पहिल्याच कामापासून पाळावे लागतात. पीओ किंवा निदान दर, रिव्हिजनची संख्या आणि पैशाची मुदत लिहिलेला ईमेल आल्याशिवाय काम सुरू करू नये. दोन रिव्हिजन दरात धरून पुढची प्रत्येक तासाच्या दराने लावावी. तपासणीसाठी पीडीएफ द्यावी आणि बदल करता येणारी मूळ डीडब्ल्यूजी फाइल निम्मे पैसे आल्यावर सोडावी; सुरुवातीला नाके मुरडली जातात, पण कोणी काम काढून घेतल्याचे मला आठवत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, अवश्य करा. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन, फुकट होते (त्यासाठी पैसे मागणारे एजंट आणि बनावट संकेतस्थळे यांच्यापासून दूर राहावे). २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि दाद मागण्यासाठी सुविधा परिषद आहे. प्रत्यक्षात तक्रार तेव्हाच करावी, जेव्हा ते गिऱ्हाईक पुन्हा नको असेल. खरा उपयोग निराळा आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कारखान्याला आयकरात वजा मिळत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असेल तर मार्च महिन्यात त्यांचा सीए (चार्टर्ड अकाउंटंट) स्वतःच तुमचे बिल वर काढायला सांगतो. माझ्या मते वसुलीचा यापेक्षा सभ्य मार्ग नाही.

दर ठरवताना हातातल्या ५५ हजारांशी तुलना करू नका. पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापला जात असेल तर कंपनी तिच्या हिश्शाचे ३,६०० आणि ग्रॅच्युइटीपोटी सुमारे १,४४० रुपये दरमहा तुमच्यासाठी बाजूला टाकते, शिवाय भरपगारी रजा आणि आरोग्यविमा असतो. स्वतंत्र माणसाला रजा नसते, सक्तीची सुट्टी मात्र असते: गणपतीत अर्धा कारखाना कोकणात गेलेला असतो आणि ड्रॉइंग मंजूर करायलाही कोणी जागेवर नसते, दिवाळीत पुन्हा तेच. वर्षाला दहा महिन्यांचेच बिलिंग धरावे. सॉफ्टवेअरचे वर्षाचे भाडे आगाऊ भरावे लागते, तेही दरात आले पाहिजे. कंपनीचा आरोग्यविमा शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी. नव्या पॉलिसीत अपघात वगळता पहिले ३० दिवस आणि आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

कराचे थोडक्यात. गिऱ्हाईक बिलातून टीडीएस कापते. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का हे फॉर्म २६एएसमध्ये तिमाहीला पाहा, कारण कापलेला पण न भरलेला टीडीएस ही लहान कारखान्यांची नेहमीची गोष्ट आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. अभियांत्रिकीसारख्या ठरावीक व्यवसायांत उलाढालीच्या निम्मी रक्कम नफा दाखवून कर भरण्याची सोय आहे, तुमचे काम तीत बसवण्याआधी सीएला पदविका आणि बिले दाखवा. आणि पगारातून दरमहा २००, फेब्रुवारीत ३०० असा जो व्यवसायकर कापला जात होता, तो आता स्वतः नोंदणी करून वर्षाला २,५०० भरावा लागेल. हे पुष्कळ जण विसरतात आणि दंड भरतात.

तुम्हाला सध्या शनिवार-रविवारी काम देणारे गिऱ्हाईक एकच असेल तर थांबा. एकाच कारखान्याच्या भरवशावर नोकरी सोडणे म्हणजे पीएफ नसलेली नोकरी धरणे होय. निदान तीन जणांकडून पैसे वेळेवर येत आहेत, असे बँकेच्या खात्यात दिसेपर्यंत वाट पाहावी. तोवर नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाला मनाई आहे का तेही एकदा नीट वाचा.

राहिला खारघरच्या घराचा प्रश्न. नोकरदाराला गृहकर्ज देताना बँक सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ पाहते, स्वतंत्र व्यावसायिकाकडे मात्र साधारणपणे दोन ते तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. म्हणजे आज राजीनामा दिलात तर निदान दोन वर्षे कर्जाचे दार तुमच्यासाठी अरुंद होणार. घर वर्षभरात हवेच असेल तर आधी घर घ्या, हप्ता पगारातून भरत वर्षभर निभावतो का ते पाहा, आणि मग वरचा सहा महिन्यांचा हिशेब ४५ हजारांवर नव्हे, हप्ता धरून नव्याने मांडा. हप्ता २५ हजार बसला तर बाजूला ठेवायची रक्कम ४ लाख २० हजार होते. ती जमेपर्यंत बाहेरचे काम शनिवार-रविवारीच चालू द्या.