पालकांचे प्रश्न : चार्टर शाळेच्या लॉटरीत नाव लागले, आता काय करावे?

प्रश्न : आम्ही जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ भाड्याने राहतो आणि दोघेही नोकरीसाठी पाथ गाडीने मॅनहॅटनला जातो. आमची मुलगी सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला जाईल. एका चार्टर शाळेच्या लॉटरीत तिचे नाव लागले असून होकार कळवायला थोडेच दिवस उरले आहेत. आमच्या भागाची डिस्ट्रिक्ट शाळा, म्हणजे शहराच्या शिक्षण मंडळाची नेहमीची सरकारी शाळा, घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, चार्टर शाळा मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. एवढी मोठी वेटिंग लिस्ट असताना ही जागा सोडू नका, असे ओळखीचे सगळे सांगतात. पुण्याहून सासूबाई विचारतात की फी नसलेली शाळा चांगली कशी असेल. आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, त्याचीही धाकधूक आहे.
— एक आई, जर्सी सिटी

उत्तर : सासूबाईंच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात कुठेतरी असतेच. चार्टर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी, पण स्वतंत्र विश्वस्त मंडळाच्या हाती असलेली सार्वजनिक शाळा असते. महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळेशी तिचे साम्य बरेच आहे. फरक इतकाच की येथे शहरातल्या मुलांकडून फी घेता येत नाही आणि मुलाची हुशारी पाहून प्रवेश देण्यास कायद्याची मनाई आहे. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढावी लागते. अशा शाळांचा अमेरिकेतला पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला आणि न्यू जर्सीने १९९६ च्या जानेवारीत. शिक्षकांना राज्याचे प्रमाणपत्र न्यू जर्सीत चार्टर शाळेतही लागतेच.

व्हिसाची काळजी सोडून द्या. सार्वजनिक शाळेला, म्हणजे चार्टर शाळेलाही, तुम्ही त्या शहरात राहता याचा पुरावा लागतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या निकालानंतर मुलाच्या किंवा पालकांच्या स्थलांतराच्या कागदपत्रांवरून प्रवेश अडवता येत नाही. भाडेकरार आणि वीजबिल जवळ ठेवा.

आता खरा मुद्दा. लांबलचक वेटिंग लिस्ट हा शाळेच्या गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. एकच कुटुंब चार-पाच शाळांत अर्ज करते आणि प्रत्येक यादीत मोजले जाते. शिवाय अर्ज करणाऱ्या पालकांपैकी अनेकांनी ती शाळा आतून पाहिलेली नसते. ‘चार्टर की डिस्ट्रिक्ट’ असा प्रश्न घातला तर उत्तरही ढोबळच मिळते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात चार्टर शाळांतली मुले वाचनात वर्षाला सरासरी १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे असल्याचे दिसले. फरक आहे, पण तो सरासरीचा आहे, आणि त्या सरासरीत उत्तम शाळाही आहेत आणि पालकांनी चार हात दूर राहावे अशाही आहेत. तुमच्यासमोर दोन ठरावीक इमारती आहेत. त्या दोघींचीच तुलना करायला हवी.

त्यासाठी राज्याचे शिक्षण खाते दर वर्षी प्रत्येक सार्वजनिक शाळेचा कामगिरी अहवाल संकेतस्थळावर ठेवते. दोन्ही शाळांचे अहवाल शेजारी शेजारी उघडा आणि सर्वांत आधी गुणांकडे न जाता इयत्तावार पटसंख्येचा तक्ता पाहा. समजा, किंडरगार्टनमध्ये ६० मुले आहेत आणि आठवीत ३५; मग मधली मुले गेली कुठे आणि रिकाम्या झालेल्या जागा वेटिंग लिस्टमधून भरल्या का, हे शाळेला स्पष्ट विचारा. जर्सी सिटीतून अनेक कुटुंबे मुले मोठी झाली की उपनगरांत जातात, त्यामुळे थोडी गळती कोणत्याही शाळेत दिसेल. म्हणूनच डिस्ट्रिक्ट शाळेचा तोच तक्ता बाजूला हवा. अभ्यासात मागे पडणारी किंवा शिस्तीत न बसणारी मुले जेथून हळूहळू बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी कोणी येत नाही, तेथे वरच्या वर्गांचे निकाल चांगले दिसणारच, पण त्यातून तुमच्या मुलीला काय मिळेल हे मुळीच कळत नाही.

त्यानंतर वाढीचा आकडा पाहा. तिसरीपासून राज्याच्या परीक्षा सुरू होतात आणि चौथीपासून अहवालात ‘ग्रोथ परसेंटाइल’ दिलेला असतो, म्हणजे आधी साधारण तेवढेच गुण असलेल्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुले वर्षभरात किती पुढे सरकली याचे माप. ५० च्या आसपासचा आकडा म्हणजे मध्यम प्रगती. किती टक्के मुले ‘उत्तीर्ण’ पातळीवर आहेत हा आकडा बराचसा घरची परिस्थिती सांगतो. वाढीचा आकडा शाळेबद्दल अधिक सांगतो. घराजवळच्या शाळेचा हा आकडा चार्टर शाळेहून सरस निघणे मुळीच अशक्य नाही.

चार्टर शाळेला आणखी एक प्रश्न जरूर विचारा : परवान्याचे नूतनीकरण केव्हा आहे? न्यू जर्सीत परवाना देण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार राज्याच्या शिक्षण आयुक्तांचा असतो. पहिला परवाना चार वर्षांचा आणि पुढचे पाच-पाच वर्षांचे असतात. मागच्या वेळी काही अटी घातल्या होत्या का, हेही विचारा. विश्वस्त मंडळाच्या बैठका लोकांना खुल्या असतात, तेव्हा मागच्या बैठकांची टिपणे मागायला संकोच नको.

मग एक सकाळ रजा काढून दोन्ही शाळांत जाऊन या. मुख्याध्यापकांचे सादरीकरण ऐकण्यापेक्षा किंडरगार्टनचा वर्ग जेवणाच्या खोलीकडे निघतो तेव्हा दारात उभे राहा. एखादे मूल रांग सोडून मागे वळले तर शिक्षिका त्याला काय म्हणते, कोणत्या आवाजात म्हणते आणि बाकीची मुले तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, यातून त्या शाळेच्या शिस्तीची जी कल्पना येते ती नियमपुस्तिकेतून येत नाही. पुस्तिकाही वाचाच, किंडरगार्टनच्या मुलाला घरी पाठवण्याची तरतूद कोणकोणत्या कारणांसाठी आहे, ते पाहून ठेवा.

अंतराचा विचार पालक शेवटी करतात. मी तो वर आणेन. शाळा घरापासून दोन मैलांहून दूर असेल तरच प्राथमिकच्या मुलांना बसचा हक्क मिळतो, आणि जर्सी सिटीचे दुसरे टोकही त्या मर्यादेच्या आत असू शकते. तुम्ही दोघे मॅनहॅटनला असताना दुपारी मुलीला ताप आला किंवा बर्फामुळे शाळा लवकर सुटली तर कोण पोहोचणार? आफ्टरकेअर, म्हणजे शाळेनंतर मुलांना सांभाळण्याची सोय, किती वाजेपर्यंत आहे आणि त्याचे पैसे किती? चालत जायच्या शाळेतल्या मैत्रिणी संध्याकाळी बागेतही भेटतात, आणि पाच वर्षांच्या मुलीसाठी ही लहान गोष्ट नाही.

माझे मत विचाराल तर असे : वाढीचे आकडे आणि वर्गातले वातावरण जवळपास सारखे वाटले, तर घराजवळची शाळा घ्या. चार्टर शाळा स्पष्टपणे सरस दिसली, तर होकार द्या, कारण सोडलेली जागा पुन्हा मिळेल याची खात्री नसते, उलट डिस्ट्रिक्टला शहरातल्या मुलाला कधीही परत घ्यावेच लागते. कायद्यातल्या मूळ सूत्रानुसार मुलामागे डिस्ट्रिक्टच्या ठरलेल्या रकमेपैकी ९० टक्के पैसे चार्टर शाळेकडे जातात, म्हणून घराजवळची शाळा सोडताना अनेक पालकांना अपराधी वाटते. ती तळमळ मला रास्त वाटते, पण तिचे उत्तर धोरण ठरवणाऱ्यांनी द्यायचे आहे. त्याचे ओझे तुमच्या मुलीच्या प्रवेशावर टाकू नका.

प्रश्न : प्रवेशअर्जात मुलाची घरची भाषा विचारली आहे. ‘मराठी’ लिहिले तर त्याला इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात बसवतील, म्हणून ‘इंग्रजी’ लिहा, असा सल्ला मिळाला. खरे आहे का?
— एक बाबा, होबोकेन

उत्तर : मराठी बोलत असाल तर मराठीच लिहा. त्या उत्तरावरून मुलाची इंग्रजीची एक छोटी चाचणी होऊ शकते; इंग्रजी पुरेसे असेल तर विषय तेथेच संपतो, आणि कमी असेल तर मिळणारी मदत त्याच्या हक्काची आहे. पालकांना ती मदत लेखी नाकारताही येते. खोटे उत्तर दिले आणि पहिलीत वाचन अडले, तर अडचण भाषेची आहे की आणखी कशाची, हे ओळखायला शिक्षिकेकडे काहीच माहिती उरत नाही.

प्रश्न : आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो. नोकरी घरूनच असल्याने दुसरीतल्या मुलाला ऑनलाइन सायबर चार्टर शाळेत घालावे असे वाटते.
— एक आई, पेनसिल्वेनिया

उत्तर : गंभीर आजारासारखे कारण नसेल तर घालू नका. क्रेडोच्या वर उल्लेखलेल्या अहवालातच ऑनलाइन चार्टर शाळांतली मुले वाचनात ५८ दिवस आणि गणितात १२४ दिवस मागे आढळली. तुमची नोकरी घरून असली तरी कामाच्या वेळात सात वर्षांच्या मुलाशेजारी दिवसभर बसणे तुम्हाला जमणार नाही, आणि या शाळा घरातल्या मोठ्या माणसाकडून नेमकी तीच अपेक्षा ठेवतात.