‘माह्या मांगं याचं कसं होईन?’

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची आई, सोबत बौद्धिक अक्षमता असलेला १९ वर्षांचा मुलगा. विशेष शाळा संपली, मुलगा वर्षभर ओसरीत बसून. "त्याले काही जमत नाही, मॅडम. माह्या मांगं याचं कसं होईन?"

जमत नाही, की कामाचे छोटे तुकडे करून कोणी शिकवलं नाही? १९७२ साली अमेरिकेत संशोधक मार्क गोल्ड यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना सायकलचा १५ सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवला. भागांना रंग दिले, तेव्हा मुलं लवकर शिकली. त्याआधी अशा मुलांना साधं, एकसुरी कामच द्यायची रीत होती.

गावातला बचत गट फुलवाती करतो. वात वळणं मुलाला जमेना, बोटांच्या टोकांत जोर कमी. म्हणून त्याच्याकडे वातींची मोजणी आणि पाकीट भरणं. २० खळग्यांची लाकडी पाटी करून घेतली, म्हणजे अंक येण्याची गरजच उरली नाही. पायऱ्या सात: पाटी ओढणं, खळग्यागणिक एक वात, रिकामा खळगा शोधणं, पाकीट उघडणं, वाती आत घालणं, तोंड लाल रेषेवर दुमडणं, पिन मारणं. शिकवलं मात्र शेवटून. आधीचं सगळं आईनं करायचं, पिन तेवढी त्यानं मारायची. पाकीट पुरं झाल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचा. पिन जमली की दुमडणं, मग त्याच्या आधीची पायरी.

तिसऱ्या आठवड्यात, वाती पाकिटात घालण्याच्या पायरीवर, गाडी अडली. घरी पाटीऐवजी स्टीलचं ताट घेतलं होतं. ताटात २० कुठे संपतात हे त्याला कळणार कसं? शिवाय तो थांबला की आई लगेच हात घालायची. मनात दहापर्यंत मोजा, मग फक्त बोटानं खळगा दाखवा, तोंडानं काही नको, असं ठरलं. हेच आयांना सगळ्यात जड जातं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण तो थांबतो तेव्हा बरेचदा पुढची पायरी आठवत असतो.

पाकिटामागचे पैसे गटानं त्याच्याच हातात द्यावेत, हा आग्रह आम्ही सोडत नाही.

आता आईच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. अशा व्यक्तींसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही १ लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. या आईनं दोन्ही अर्ज भरले. मुलगा आता पाकीट उघडायला शिकतो आहे, प्लास्टिक चिकटतं म्हणून शेजारी ओलं फडकं ठेवलंय.