सीईटीचं फिजिक्स: आधी गणित, मग पर्याय

एमएचटी-सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. पण म्हणून पहिल्या दिवसापासून घड्याळ लावून बसू नकोस. आधी एकच धडा घे, पर्याय हाताने झाक, गणित कागदावर पूर्ण सोडव आणि मगच पर्याय बघ. वेग नंतर येतो, खरंच येतो.

पर्याय पारखायची सवय मात्र आत्तापासूनच लाव. समजा, कप्पीवरून दोन वस्तुमानं लटकताहेत आणि त्वरण विचारलंय. दोन्ही समान धरून बघ, उत्तर शून्य यायला हवं. एक शून्य धर, गुरुत्वत्वरण यायला हवं. चुकीचे पर्याय बरेचदा इथेच गळतात. मितीही तपास; त्वरणाच्या जागी बलाची मिती आली, तर तो पर्याय बाद.

चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेव आणि कारण लिही: एकक चुकलं, चिन्ह चुकलं, की संकल्पनाच कच्ची? मला ही वही कुठल्याही टेस्ट सिरीजपेक्षा मोलाची वाटते.

सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. जेईई मेनमध्ये चुकीच्या उत्तराला १ गुण कापतात, तिथे अंदाजाने टिक करू नकोस.