मुलीला पक्ष्यांसाठी काम करायचंय, पण नोकरी मिळेल का?

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. नीट द्यायची नाही, पक्ष्यांच्या जागा वाचवण्याचं काम करायचं म्हणते. यात पोट भरतं का? – एक आई

उत्तर : ताई, भरतं, पण उशिरा. सुरुवातीच्या नेमणुका बहुतेक कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पगार थांबतो. हे तिला आत्ताच सांगा.

बारावीपर्यंत गणित सोडू देऊ नका. पक्षी ओळखणारे पुष्कळ भेटतात, आकडेवारी नीट मांडणारे थोडे. बीएस्सीला प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घ्यावं. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला दोन्ही चालतात. पुढे एमएस्सी. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या वन्यजीव अभ्यासक्रमाला वर्षाआड प्रवेश असतो, हे अनेकांना पदवी हातात पडल्यावर कळतं आणि वर्ष वाया जातं.

सरावाला लांब जायला नको. ओहोटीला रोहित (फ्लेमिंगो) ठाणे खाडीच्या चिखलात चरतात. भरतीला चिखल बुडाला की नेरूळच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. त्यामुळे एका रविवारी भरतीला मोजले आणि पुढच्या रविवारी ओहोटीला, तर पक्षी घटल्याचा भास होतो. घटलेलं काहीच नसतं. भरतीचं वेळापत्रक बघून दर वेळी त्याच टप्प्याला, त्याच जागेवरून मोजावं. थवा मोठा असेल तर आधी शंभर पक्षी एकेक मोजायचे, तेवढा पट्टा नजरेत धरायचा आणि तसे किती पट्टे भरतात ते बघायचं.

वहीत पक्ष्यांइतकीच जागा पाण्याला द्यावी. तळ्यात भराव न टाकताही तळं मरतं : रस्त्याखालच्या मोऱ्या बुजल्या की भरतीचं पाणी आत येत नाही. मोरीचा फोटो दर महिन्याला एकाच कोनातून काढावा. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात जुन्या-नव्या उपग्रह प्रतिमा जुळवायला ती सुट्टीत शिकू शकेल. नोकरी देणारे हेच विचारतात.

आणि गुलाबी रंगावरच अडू नये. 1997 साली पुन्हा सापडलेला, संकटग्रस्त रानपिंगळा (एक छोटं घुबड) आपल्याच जिल्ह्यात, तानसाच्या जंगलात आहे. त्याला घरट्यासाठी ढोलीची जुनी झाडं लागतात. ती तुटली की नव्या लागवडीत ढोली व्हायला कित्येक वर्षं जातात.

कॅमेऱ्याचा हट्ट धरला तर तूर्त नाही म्हणा. 8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण घेऊन द्या.