कललेलं झाड उलट बाजूला पाडता येतं का?

प्रश्न : आमच्या वारज्यातल्या सोसायटीत मागे एक सिल्व्हर ओक आहे, ५० फूट उंच, बुंधा फूटभर जाड, तो शेजारच्यांच्या भिंतीकडे कललाय. उलट बाजूला आमचं मोकळं पार्किंग. झाडं तोडणारा म्हणतो दोर बांधून टेम्पोने ओढू, पार्किंगमध्येच पडेल. ऐकावं का त्याचं?
– एक वाचक, वारजे

उत्तर : टेम्पोला साफ नाही म्हणा. झाड कुठे पडणार हे दोर नाही ठरवत, बुंध्यात न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी ठरवते. आधी पार्किंगच्या बाजूने खाच घेतात, जाडीच्या पाव भागापर्यंत, म्हणजे तुमच्याकडे ३ इंच, तोंड चांगलं रुंद, ७० अंशांच्या आसपास. मग भिंतीच्या बाजूने करवत चालवायची आणि खाचेच्या अलीकडे साधारण सव्वा इंच लाकूड आडवं तसंच ठेवायचं, दाराच्या बिजागरीसारखं झाड त्याच्यावर वळत खाली येतं. खाचेचं तोंड अरुंद असलं तर झाड अर्ध्यात असतानाच ते मिटतं, पट्टी तुटते आणि झाड मन मानेल तिकडे जातं. टेम्पोने हिसका दिला की पट्टी अवेळी तुटू शकते, नाहीतर पुरेसं कापायच्या आधीच बुंधा उभा चिरतो आणि मागचा भाग उसळून करवतवाल्याच्या अंगावर येतो, यात माणसं जीवानिशी गेली आहेत.

कल किती ते आधी मोजा. कलाच्या काटकोनात लांब उभे राहा आणि गवंड्याचा ओळंबा डोळ्यांसमोर धरा, शेंडा बुंध्यापासून किती बाहेर गेलाय ते कळतं. मागच्या कापात पाचर ठोकून कड १ इंच उचलली तर ५० फुटांवरचा शेंडा ४ फुटांहून जास्तच सरकतो, त्यामुळे दोन-तीन फुटांचा कल पाचरीने निभतो. जास्त असेल, किंवा फांद्यांचा भारही भिंतीकडेच असेल तर दोर लागतोच, पण तो दोन तृतीयांश उंचीवर बांधायचा आणि चेनपुलीने हळूहळू ताण द्यायचा, कापण्याआधी थोडा, पट्टी तयार झाल्यावर बाकीचा. ओढणारा माणूस झाड पडायच्या रेषेत नको, कप्पी लावून दोर बाजूला वळवा. करवतवाल्याला मागे तिरकं पळायची वाट आधीच साफ करून ठेवा, तुमच्याकडे मागे भिंत आहे म्हणून हे जास्त महत्त्वाचं.

माझं मत विचाराल तर पार्किंग ५० फुटांपेक्षा चांगलं लांब नसेल, किंवा बाजूला वायर असेल, तर अख्खं झाड पाडायच्या फंदात पडूच नका, वरून तुकडे करून दोराने खाली सोडणारी माणसं बोलवा, पैसे जास्त लागतील पण शेजाऱ्यांची भिंत वाचेल. वायर जवळ असेल तर महावितरणला सांगून सप्लाय बंद करून घ्या. बुंध्याजवळची माती भेगाळली असेल किंवा मुळं उचलली असतील तर कोणालाही वर चढू देऊ नका, आणि झाड पडायच्या बेतात दिसलं तर थेट फायर ब्रिगेडला १०१ वर फोन करा.

आणि करवत लावायच्या आधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज टाका, १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे आपल्या आवारातलं झाड असलं तरी परवानगी लागते.