एकसष्टचा ताळा

प्रिय मित्रा,

तुझा मेल पोचला. कोडं असं: एका संख्येचा वर्ग हा दुसरीच्या वर्गाच्या 61 पटीपेक्षा बरोबर 1 ने जास्त हवा. भास्कराचार्यांच्या उत्तरातल्या 1766319049 चा तू वर्ग केला, त्यातून 226153980 च्या वर्गाची 61 पट वजा केली, तर संगणकाच्या शीटमध्ये उत्तर 1 ऐवजी 0 आलं. म्हणून भास्कराचार्यांचीच आकडेमोड चुकली असेल, असं तू लिहितोस. घाई केलीस. केळीच्या विक्रीची पट्टी हातात पडली की तुझे वडील व्यापाऱ्याचा आकडा तसाच मान्य करतात का?

पहिला वर्ग आहे 3119882982860264401. एकोणीस अंकी. शीट साधारण पंधरा अंकांपर्यंत भरवशाचं, पुढे ते अंदाजे आकडा धरतं. तुझा तो एक तिथेच बुडाला.

आता कागद घे. आधी नवाचा ताळा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज. 226153980 च्या अंकांची बेरीज 36, म्हणजे नवाने नि:शेष. 1766319049 ची 46, मग 10, मग 1. वर्गाचाही ताळा 1, त्यातून नवाने नि:शेष संख्या वजा केली तरी ताळा 1 च. जुळलं. पण एवढ्यावर खूश होऊ नकोस. दोन अंकांची अदलाबदल झाली तरी नवाचा ताळा जुळतोच. या चुकीपायी मी अकरावीत दोन संध्याकाळी घालवल्यात.

खरी गंमत शेजाऱ्यांत आहे. एखाद्या संख्येच्या वर्गातून 1 काढला, की एक कमी आणि एक जास्त यांचा गुणाकार उरतो. एक कमी म्हणजे 1766319048, ती 29718 च्या वर्गाची दुप्पट. एक जास्त म्हणजे 1766319050, ती 3805 च्या वर्गाची 122 पट. 2 आणि 122 चा गुणाकार 244, म्हणजे चार गुणिले 61. चाराचं वर्गमूळ 2 घे: 2 × 29718 × 3805 = 226153980. एकोणीस अंकी गुणाकार करावाच लागला नाही!

आणि 61 च्या जागी 60 घेतले तर काय लागतं? 31 चा वर्ग 961, तो 60 × 16 + 1. 62 ला 63 पुरतो. मधल्या 61 चीच खोड अशी, की सर्वांत लहान उत्तरच दहा अंकी. 1657 मध्ये फ्रेंच गणिती फर्माने हेच 61 आव्हान म्हणून पुढे केलं. भास्कराचार्यांच्या 1150 च्या बीजगणितात ते चक्रवाळाने, म्हणजे फेरीफेरीने उत्तराकडे नेणाऱ्या रीतीने, सुटलेलं आहे. सुरुवात साधी: 8 चा वर्ग 61 पेक्षा 3 ने जास्त. पुढच्या फेरीत 39 चा वर्ग, 61 × 25 पेक्षा 4 ने कमी. तिथून ब्रह्मगुप्तांच्या ‘भावने’ने, म्हणजे अशा दोन उत्तरांच्या गुणाकारातून नवं उत्तर काढण्याच्या रीतीने, 29718 आणि 3805 पर्यंत जाता येतं.

पुढच्या रविवारी चाळीसगावला ये, पाटणादेवीला जाऊ. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख तिथलाच. त्यात शके 1128 च्या दानाची नोंद आहे. येताना 67 सोडवून आण. उत्तरातली मोठी संख्या पाच अंकी आहे. शीट बंद ठेव.

तुझा,
सर